झाडीच्या अलीकडची रात्र

एक घोंगडी, दोन पितळी तांबे, धोतरजोडी, पंचा, पडशी, पडशीतलं पीठ, अकरा रुपये काही आणे आणि चष्मा.

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात ही यादी लहानथोर सगळ्यांना पाठ होती. अप्पा, म्हणजे माझे आजोबा, 1961 च्या थंडीत नर्मदा परिक्रमेला निघाले आणि शूलपाणीच्या झाडीत भिल्लांनी त्यांना लुटलं. त्या वेळी जे जे गेलं त्याची ही यादी. सांगायची मात्र आजी. दिवाळीचा फराळ झाला, पाहुण्यांनी पाय पसरले, की कुणीतरी म्हणायचंच, "आजी, अप्पांना लुटलं ते सांगा ना." मग आजी पदर खोचून, बोटांची पेरं मोजत एकेक जिन्नस काढायची आणि चष्म्याशी येऊन थांबायची. "मेल्यांनी चष्मासुद्धा सोडला नाही! काय पोथी वाचणार होते?" यावर सगळं घर हसायचं. अप्पा झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत असायचे. त्यांनी या गोष्टीत कधी भर घातली नाही की दुरुस्ती केली नाही.

लंगोटीवर ते बडवानीला परत आले, तिथल्या एका मास्तरांनी त्यांना सदरा-लेंगा दिला, आणि मोटारीनं ते इंदूरला आले. परिक्रमा खंडित झाली. पुन्हा कधी गेले नाहीत. मी सात-आठ वर्षांची असताना एका दुपारी, घरात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा, त्यांना विचारलं होतं, "अप्पा, तुम्हाला भीती वाटली का हो?"

अप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "थंडी वाजली," म्हणाले.

मला ते उत्तर अगदीच बेचव वाटलं. आजीची गोष्ट कितीतरी चांगली होती.

*

बँकेतून निवृत्त झाले आणि देवउठनी एकादशी झाल्यावर थोरल्या जाऊबाईंबरोबर ओंकारेश्वरला जाऊन मीही संकल्प सोडला. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, शाळेत गणिताच्या बाई होत्या, आणि परिक्रमेतलं अध्यात्म त्यांना कितपत हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. "एकदा सगळी नदी बघायची आहे," एवढंच म्हणाल्या.

नियम तसे थोडे. नर्मदा सदैव उजव्या हाताला ठेवायची. ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं समुद्रापर्यंत जायचं, विमलेश्वरहून होडीनं खाडीपलीकडे, मग उत्तर तटानं थेट अमरकंटक, तिथे उगमाला वळसा घालून परत दक्षिण तट. नदी 1312 किलोमीटरची, म्हणजे चालणं 2600 च्या पुढे. मधे कुठेही तिला ओलांडायचं नाही. जुनी रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. आमच्यासारखी माणसं चातुर्मास लागायच्या आत उरकतात. ओलांडायचं नाही हा नियम किती कडक, ते पहिल्याच दिवशी कळतं. ममलेश्वराच्या बाजूला संकल्प झाला की समोर बेटावर ओंकाराचं देऊळ दिसत असतं, पूल तयार असतो, आणि जाता येत नाही.

तयारी आम्ही रालामंडलवर केली. पाठपिशवीत पाच पाच किलो कणकेची दोन पाकिटं भरायची आणि टेकडीवरच्या होळकरांच्या शिकारगाहपर्यंत चढायचं. तिसऱ्या दिवशी फिरायला आलेल्या एका पोरानं विचारलं, "आंटीजी, चक्की ऊपर है क्या?" वहिनी जागच्या जागी थांबून हसल्या आणि दम लागला म्हणून परत खाली बसल्या. माझे यजमान रोज संध्याकाळी माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत.

पहिले बारा दिवस मजेत गेले. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी दुपार काढली. 28 एप्रिल 1740 ला हा माणूस इथे, नदीच्या काठी, उन्हाळ्यात गेला. आम्ही थंडीत होतो आणि तरी दगड तापला होता. बकावाला घरोघरी शिवलिंगं घडवण्याची घरघर ऐकली. नावडातोडीला आलो तेव्हा पलीकडच्या काठावर अख्खं महेश्वर उभं होतं, अहिल्याबाईंचा घाट, पायऱ्या, धुणी. इंदूरचं माणूस महेश्वरला वर्षातून एकदा तरी जातंच. मी तर शाळेच्या सहलीपासून जात आले. त्या दिवशी पहिल्यांदा ते परक्या गावासारखं लांबून पाहिलं. त्याच काठावर मंडलेश्वरजवळ जलूद आहे. 1978 पासून आमच्या इंदूरला तिथून पाणी येतं, सत्तरेक किलोमीटर, सगळा विंध्याचा घाट चढून. म्हणजे मी लग्नाआधीपासून जे पाणी एक दिवसाआड बादल्यांत भरत आले ते हेच. वहिनी ओंजळ भरून प्यायल्या आणि म्हणाल्या, "चव तीच आहे. फक्त इथे वेळेवर येतंय."

पण खलघाट सोडला आणि एकच प्रश्न सगळीकडून यायला लागला. सदाव्रत देणारे विचारत, चहावाले विचारत, शेतात कापूस वेचणाऱ्या बायका विचारत. झाडीतनं जाणार की सडकेनं?

*

कारण दुसरा रस्ता आहे. ज्यांना झाडी नको ते खेतिया, शहादा, प्रकाशा असा सडकेनं वळसा घेतात आणि पुढे परत काठाला लागतात. त्यात कमीपणा काही नाही, पुष्कळ जण तसंच जातात. हीच खरी पंचाईत. एकच वाट असती तर निमूट चालले असते.

झाडीच्या आदल्या रात्री आम्ही राजघाटच्या अलीकडे एका आश्रमात आसन लावलं होतं. राजघाट म्हणजे बडवानीपासून जवळच. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींचं स्मारक इथे होतं. 2017 मध्ये बुडीत येणार म्हणून ते उचलून दुसरीकडे नेलं. घाट पाण्याखाली. आम्ही अंघोळीला गेलो तर पायऱ्या सापडेनात, सरळ पाणीच सुरू होत होतं.

पंगतीला सतरा मूर्ती. परिक्रमेत माणसाला मूर्ती म्हणतात, "कितनी मूर्ति?" असंच विचारतात, आणि मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. सतरांतले एक ग्वाल्हेरचे काका. त्यांची ही दुसरी परिक्रमा, त्यामुळे ते बोलत होते आणि आम्ही सोळा जण ऐकत होतो. पायवाट केवढी, तर एक पाऊल मावेल एवढी. उजवीकडे काय, तर काही नाही, खाली पाणी. मागच्या खेपेला नाशिकच्या एकाची पिशवी घरंगळली ती तासाभरानं मिळाली. एका बाईंचा घोटा गेला तर चौघांनी झोळी करून आणलं. "तसं काही नाही हो," काका शेवटी प्रेमानं म्हणाले, "सोपं आहे. फक्त पाय घसरला नाही पाहिजे."

टिक्कड माझ्या घशाखाली उतरेना.

झोपायच्या आधी मी वहीचं मागचं पान काढलं. बँकेतली सवय, काही सुचेनासं झालं की कागदावर उभी रेघ मारायची. डावीकडे भीती, उजवीकडे उपाय. गुडघा: पट्टा आणि दंड. उतार: बसून उतरायचं, लाज सोडायची. साप: थंडीत नसतात म्हणे. पाणी: दोन बाटल्या. इथवर ठीक. मग आलं, उघड्यावर जाणं, बायामाणसांचं. त्याच्यासमोर काहीच सुचेना. पुढे, मधेच बसकण मारली तर मला आणणार कोण, तेही रिकामं. आणि त्याच्याखाली मी एक शब्द लिहिला आणि लगेच इतका गिरवून खोडला की पान फाटलं.

मामा.

झाडीतल्या लोकांना परिक्रमावासी मामा म्हणतात. मैया आई, तर तिच्या काठचे ते मामा. पूर्वी मामा लुटत, अंगावर लंगोटी तेवढी ठेवत, आणि ती मैयाचीच इच्छा, ती तुमचं ओझं काढून घेते, असं म्हणायची पद्धत होती. आता कुणी लुटत नाही. किती वर्षांत नाही. लुटणं सोडाच, झाडीत घोंगसा, भादल, पुढे महाराष्ट्रात बिलगाव, धडगाव, जागोजागी तेच लोक तुम्हाला जेवू घालतात, हे मला पुस्तकातून, व्हॉट्सअॅपवरून, ग्वाल्हेरच्या काकांकडून पक्कं माहीत होतं. मी शिकलेली, पस्तीस वर्षं नोकरी केलेली बाई. आणि तरी पेन आपोआप तिकडे गेलं, कारण आजीची गोष्ट माझ्या पोटात काकांच्या गोष्टीच्या पन्नास वर्षं आधीपासून बसलेली होती.

नऊ वाजता घरी फोन लावला. पुढे तीन-चार दिवस रेंज मिळायची नाही, असं सगळे सांगत होते. यजमानांनी आवाजावरून ओळखलं. "येऊ का घ्यायला?" म्हणाले. "आत्ता निघालो तर साडेबारा-एकला पोचतो."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. बारा दिवस पायांचे फोड फोडत मी आले होते ते अंतर गाडीनं साडेतीन तासांचं, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घर हाताशी आहे म्हटल्यावर भीतीला जोर चढला. हिमालयात असते तर मुकाट्यानं पांघरूण घेऊन पडले असते. इथे सुदामानगरचा पलंग मला दिसायला लागला. सकाळचे पोहे, वरून शेव, जीरावन. मी म्हटलं, सकाळी सांगते. फोन ठेवल्यावर कळलं, मी "नको" म्हणाले नव्हते.

मग सुरू झाल्या लोट्याच्या फेऱ्या. साडेदहा, साडेअकरा, सव्वाबारा. बॅटरी घ्यायची, चपला शोधायच्या, सतरा मूर्तींच्या पायांवरून वाट काढायची, कडी न वाजवता दार उघडायचं. तिसऱ्या फेरीला ग्वाल्हेरचे काका अंधारातूनच म्हणाले, "नर्मदे हर." माझी लाज गेली ती तिथे. वहिनी आपल्या घोरत होत्या. एका सुरात, मधे खंड नाही, गणित सुटलेल्या माणसासारख्या.

दोनच्या सुमाराला मी उठून बसले. दात वाजत होते, हात थरथरत होते, पोटात गोळा. मनाशी म्हटलं, झालं, एवढी घाबरलीस म्हणजे तुझं काम नाही. सकाळी फोन करायचा, वहिनींना काकांच्या गटाबरोबर जाऊ द्यायचं. ठरलं. ठरल्यावर बरं वाटायला हवं होतं. दात वाजतच राहिले.

आणि मग हाताला फरशी लागली. सिमेंटची, डिसेंबरातली, नदीकाठची फरशी. फेऱ्यांच्या नादात माझी सतरंजी सरकून वहिनींच्या बाजूला गेली होती, घोंगडी अर्धी पायाखाली, आणि मी तासभर उघड्या फरशीवर पातळ सुती साडीत पडून स्वतःच्या भित्रेपणाचा विचार करत होते.

थंडी वाजली, म्हणाले होते अप्पा.

मी स्वेटर काढला. त्यावर दुसरा. पायमोजे दोन जोड, माकडटोपी, तिच्यावर मफलर. सतरंजी ओढून घडी दुप्पट केली. पिशवीच्या तळाशी राजगिऱ्याच्या वड्या होत्या, त्यातल्या तीन अंधारात बसून खाल्ल्या, संध्याकाळी जेवलेच नव्हते ना. वर अर्धी बाटली पाणी. दहा मिनिटांत दात थांबले. हात थांबले. हिशेब करायची सवयच. अर्धी भीती थंडीची निघाली, पाव भुकेची. उरलेली पाव होती, ती मात्र अस्सल होती, आणि ती घेऊन मी झोपले. साडेपाचला आरतीच्या घंटेनं जाग आली. घरी फोन लावला आणि "नको" एवढंच म्हणाले. पलीकडून "बरं" आलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या संसारात याहून मोठी संभाषणं पुष्कळ झाली, पण इतकं नीट समजलेलं एखादंच.

*

चढाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चढ म्हणजे चढ. सुरुवातीला रस्ता, मग बैलगाडीची चाकोरी, मग पायवाट, आणि एका वळणानंतर काका म्हणाले होते तशीच, एका पावलाची. त्यांनी एक सांगितलं नव्हतं, की चढताना भीती वाटत नाही. डोळ्यांसमोर पुढच्या माणसाच्या टाचा असतात, दुसरं दिसतच नाही. भीती उतारावर असते. सातपुड्याचे उतार मुरमाचे, पाय ठेवला की खडे पायाखालून निघून जातात आणि त्यांच्यामागून आपण. पहिला मोठा उतार मी बसून उतरले, वहीत लिहिल्याप्रमाणे. साडीची मागची बाजू कामातून गेली. नऊवारी असती तर टिकली असती, असं वहिनींचं मत.

वहिनींची चढायची पद्धत सांगायलाच हवी. त्या हजेरी घेत चढतात. कुठल्यातरी जुन्या सालच्या आठवी ब चा हजेरीपट त्यांना तोंडपाठ आहे. एका पावलाला एक नाव, आडनावासकट, हळू आवाजात. वीस नावं झाली की थांबायचं, श्वास घ्यायचा, गैरहजर कोण ते आठवायचं, पुढची वीस. मी त्यांच्या मागे चालत होते. दुपारपर्यंत मलाही पहिली बारा-तेरा पाठ झाली. अंतर मात्र त्यांनी कुणालाही विचारू दिलं नाही. "इथे किलोमीटर चालत नाहीत," म्हणाल्या. खरंच होतं. एका गुराख्याला पुढचा पाडा किती लांब ते विचारलं, तर त्यानं विचार करून सांगितलं, दोन बिड्या.

आणि झाडी. आयुष्यभर त्या शब्दाचा धसका घेतला होता, किर्र, काळोखी, दिवसा उजेड न शिरणारी. पहिल्या धारेवर उभं राहिले आणि बघत राहिले. बोडके डोंगर, एकामागे एक, उन्हानं भाजलेले, मधे मधे तुरीचे तुकडे आणि कापलेल्या ज्वारीची धाटं. कुठे चार सागवान, कुठे पळस. ज्याला झाडी म्हणायचं ते कधीच तोडून नेलेलं. आणि खाली उजव्या हाताला नदी, फक्त ती वाहत नव्हती. सरदार सरोवराचं पाणी मागे सरकत इथवर, आणि इथून वरपर्यंत, आलेलं. हिरवट, स्थिर, डोंगरांच्या घड्यांमध्ये शिरलेलं. अप्पा ज्या काठाकाठानं चालले असतील तो काठ त्या पाण्याच्या तळाशी. शूलपाणेश्वराचं मणिबेलीचं जुनं देऊळसुद्धा असंच गेलं, आता नवं गोऱ्याला आहे. परिक्रमेची वाट डोंगरावर चढली ती धरणामुळे. मैयाच्या काठानं जायचं म्हणजे तिच्यापासून वर वर जायचं.

वाटेत पोरं भेटत होती, अनवाणी, शेळ्यांमागे. आम्ही ज्या उतारावर बसून सरकत होतो त्यावरून पळत येत आणि "नर्मदे हर" म्हणून हात पुढे करत. परिक्रमावासी त्यांना गोळ्या-बिस्किटं वाटतात. मला ते काही बरं वाटलं नाही. देणाऱ्याचा फोटो होतो, वाटेवर चकचकीत कागद पडतात, आणि पोराला सवय लागते ती आपल्याकडे माणूस म्हणून न बघण्याची. वहिनींनी गोळ्या नेल्याच नव्हत्या. त्या एकेकाला पाढे विचारत होत्या. एका पोरानं सातचा म्हटला, पंचेचाळीसला अडखळला, सातचा पाढा आणि पंचेचाळीस! तो दुरुस्त करून घेतल्याशिवाय त्यांनी त्याला सोडलं नाही. शेळ्या तोवर पार वर गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी एका घरापाशी टेकलो. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात खाट. खाटेवर एक म्हातारबाबा अंबाडीचा दोर वळत बसले होते. वाखाचे दोन पदर उजव्या मांडीवर ठेवायचे, तळव्यानं पुढे लोटायचे, मागे घेताना एकमेकांत पीळ; हात थांबत नव्हता, दोर पायाशी वेटोळं होऊन साचत होता. वय विचारलं तर त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं खांदे उडवले. ऐंशीच्या आसपास असावेत. सुनेनं गुळाचा काळा चहा ठेवला आणि न विचारता मक्याचा रोटला आणि लसूण-मिरचीचा ठेचा पुढे केला. त्यांची बारेली, आमची इंदुरी हिंदी. मधे कुठेतरी भेट होत होती.

लुटण्याचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला. "आता भीती नाही वाटत ना लोकांना?" म्हणाले. "आमचे बाप लुटायचे." तूर पेरायचे, अशा आवाजात. वहिनींनी विचारलं, का हो? बाबांना प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "मैयाकडून पाहुणा यायचा, त्याच्यापाशी दोन घोंगड्या. आमच्या घरात एकही नाही." दोर दोनदा फिरला. "उपाशी नाही सोडायचे. रोटला देऊन वाटेला लावायचे."

आजीच्या गोष्टीत रोटला नव्हता.

माझ्या हातात तो अर्धा तुकडा तसाच राहिला. मग मी म्हटलं, माझ्या आजोबांना लुटलं होतं. इथेच. पुष्कळ वर्षं झाली.

मला वाटलं, ओशाळतील. नाही. दोराचा हात थांबवून त्यांनी एखाद्या सोयऱ्यासारखं पुढे झुकून विचारलं, "काय काय गेलं?"

यादी मला येतच होती. घोंगडी, म्हटलं. दोन पितळी तांबे. प्रत्येक जिनसेला ते मान हलवत होते, बरोबर आहे, तेच न्यायचे. धोतरजोडी, पंचा, पडशी, पीठ. अकरा रुपये काही आणे. इथे त्यांनी भुवया वर केल्या, रक्कम मोठी होती. आणि चष्मा, म्हटलं.

"चष्मा?"

हो.

ते बराच वेळ गप्प बसले. मग सुनेला हाक मारून बारेलीत काहीतरी सांगितलं, ती पदराआड हसायला लागली, आणि ते स्वतः इतके हसले की खाट कुरकुरली. पण हसू ओसरल्यावर त्यांनी मला खरंच मनापासून विचारलं, "कुणाच्या डोळ्याला लागला असेल?"

साठ वर्षं आमच्या घरात त्या चष्म्यावर हसणं झालं. तो कुणी डोळ्याला लावून बघितला असेल, त्याला त्यातून डोंगर स्पष्ट दिसले असतील की भोवळ आली असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मलाही हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आम्ही तिघं. वहिनी हसत नव्हत्या. त्या अंगणाच्या कडेपलीकडे, खाली पाण्याकडे बघत होत्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "घर आधी इथेच होतं का?"

बाबांनी हनुवटीनं खाली दाखवलं. हिरवट पाणी, त्यात मधे काळं टोक वर आलेलं, वाळलेल्या झाडाचं असावं. धरण 138.68 मीटरपर्यंत पहिल्यांदा काठोकाठ भरलं ते 2019 च्या सप्टेंबरात, हे मी पेपरात वाचलं होतं. आकडा दशांशासकट लक्षात राहिला होता, बँकेतली सवय.

"मग तुमचं काय काय गेलं?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी दोर खाली ठेवला. मांडीवरचा वाख झटकला. मग उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला, आजी ठेवायची अगदी तसा, आणि सुरुवात केली. सागाच्या खांबांचं घर. गाळाची काठची जमीन, बैलाशिवाय पिकायची ती. देवाचं ठाणं. मासे धरायची जागा, ती बापानं दाखवलेली. पलीकडच्या काठाला दिलेली बहीण. ती नाही गेली, पण होडीनं अर्ध्या बिडीवर होती, आता पाणी एवढं रुंद झालंय की दोन वर्षं भेट नाही. मुलाला जिथे पुरलं ती जागा. एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हाताची लागली. वहिनींनी निघायचं म्हणून पाठीवर चढवलेली पिशवी तशीच होती. मग आंबे आले. झाडं नऊ होती, प्रत्येकाला नाव होतं, खाट्या, शेंदऱ्या, गोटी, एक नुसताच म्हातारा. आठ झाली आणि बाबा अडले. सून आतून नववं नाव सांगत होती, ते त्यांना पटत नव्हतं. चहा निवला होता. वहिनींनी पिशवी परत खाली ठेवली.